शुश्रूषा करणाऱ्या लेकींची शुश्रूषा कोण करणार?

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता सबंध देशाने दारात, गच्चीवर व खिडकीत उभे राहून थाळ्या वाजविल्या. साथीच्या तोंडी उभे राहिलेल्या डॉक्टर, परिचारिका व सफाई कामगार यांच्याविषयीची ती कृतज्ञता होती, आणि ती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्यानंतर एकोणीस महिन्यांनी, ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन भाऊबीजेच्या दिवशी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील करोना अतिदक्षता विभागास आग लागून ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. आणि तीनच दिवसांनी पोलिसांनी एक महिला डॉक्टर व तीन परिचारिका अशा चौघींना अटक केली. राज्यातील परिचारिकांनी ह्या अटकेचा निषेध केला. आगीस कोण किती जबाबदार होते ह्याचा निवाडा न्यायालयाने करावयाचा असतो. तो अधिकार आम्ही आपल्याकडे घेत नाही. आम्हांस विचारावयाचा आहे तो प्रश्न निराळा आहे. ज्यांच्यासाठी थाळ्या वाजल्या त्यांच्यापैकीच काहींच्या वाट्याला कोठडी आली, ही वार्ता त्या दिवाळीत वसतिगृहाच्या खाटेवर बसून वाचणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या परिचर्या-विद्यार्थिनीच्या मनात काय आले असेल? तिने आपली भीती कोणास सांगितली असेल? आणि तिचे ऐकून घेण्यास कोणी तरी होते काय?

हा प्रश्न केवळ रुग्णालयांचा आहे असे समजून वाचकांनी पान उलटू नये. तो आपल्या घराचा प्रश्न आहे. २०२४ साली ज्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले तो हा चौदा तालुक्यांचा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला जिल्हा. येथील पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर ह्या अवर्षणाच्या पट्ट्यांतून मुलगी शिकून लवकर स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून आईबाप जे मार्ग शोधतात, त्यांत परिचर्येचा मार्ग फार जवळचा वाटतो. लोणी येथे व नगरजवळच्या विळद घाटात परिचर्येची महाविद्यालये आहेत. तीन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची पदवी घेतली की महिन्याचा पगार सुरू होईल, धाकट्या भावंडांचे शिक्षण होईल, असा हिशेब घरोघर मांडला जातो. तो हिशेब चुकीचा नाही. ज्या हातांचे पाणी पिण्यास गाव एके काळी तयार नव्हते, त्याच हातांनी आज गावाच्या ओठाला औषधाची वाटी लावावी, ह्यात एक मोठी सामाजिक क्रांतीही आहे. परंतु ह्या हिशेबात एक रक्कम धरावयाची राहून गेली आहे. ती म्हणजे मुलीच्या मनावर पडणारा भार.

परिचर्या-विद्यार्थिनीचे स्थान फार विचित्र असते. ती धड विद्यार्थिनीही नसते आणि धड नोकरदारही नसते. परीक्षा पुस्तकाची द्यावी लागते. पण दिवस वॉर्डात जातो. वॉर्डात डॉक्टर, मेट्रन, इन्चार्ज सिस्टर, स्टाफ नर्स अशी जी उतरंड असते तिच्या अगदी तळाशी ती उभी असते. म्हणून वरून येणारा राग तिच्यावर येऊन थांबतो आणि रुग्णाच्या नातेवाइकांचा संताप प्रथम तिच्यावरच फुटतो. ही झाली सामान्य दिवसांची स्थिती. साथ आली म्हणजे हीच मुलगी एका दिवसात सैनिक ठरते. ३ मे २०२१ रोजी, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, केंद्र सरकारने जाहीर केले की बी.एस्सी. व जीएनएम पात्रताधारक परिचारिकांना करोना रुग्णांच्या पूर्ण वेळ सेवेत घ्यावे आणि अंतिम परीक्षेची वाट पाहणाऱ्या विद्यार्थिनींनाही वरिष्ठ अध्यापकांच्या देखरेखीखाली असे काम देता येईल. शंभर दिवस सेवा पूर्ण करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य मिळावे, त्यांना लस द्यावी व शासकीय विमा योजनेचे संरक्षण लागू करावे. देशावरील संकट पाहता हा निर्णय समजण्यासारखा होता. परंतु लस देहाचे रक्षण करते आणि विमा मागे राहिलेल्यांचे रक्षण करतो. जिवंत राहून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वॉर्डात शिरणाऱ्या मुलीच्या मनाचे रक्षण कोणी करावयाचे?

हा भार कसा असतो, हे ज्यांनी वॉर्ड आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. समजा, कर्जत तालुक्यातील एका वस्तीवरची मुलगी आहे. अंगात पीपीई किट चढविले की पाळी संपेपर्यंत पाणी नाही, लघवीस जाता येत नाही. मासिक पाळीचे दिवस असले तरी तोच पोशाख, तोच उकाडा. चष्म्यावर वाफ धरते, हातमोज्यांतून शीर सापडत नाही. नातेवाइकांना आत सोडत नाहीत, म्हणून मरणाऱ्या माणसासमोर फोन धरून घरच्यांचा चेहरा त्याला दाखविणे हेही तिचेच काम. जो माणूस काल तिला ‘ताई’ म्हणून हाक मारीत होता त्याचे शव आज तिला गुंडाळून द्यावयाचे असते. घरात मृत्यू झाला तर शेजारीपाजारी येतात, चार दिवस रडावयास मिळते. हिला दहा मिनिटांत पुढच्या खाटेकडे जावे लागते. २१ एप्रिल २०२१ रोजी शेजारच्या नाशकात महापालिकेच्या रुग्णालयातील प्राणवायूच्या टाकीस गळती लागून वीसहून अधिक रुग्ण गेले. अशा वेळी पुस्तकात जे शिकलो ते सर्व ठाऊक असूनही हातात साधन नाही म्हणून माणूस डोळ्यांदेखत जातो. आणि दोष परिस्थितीचा असला तरी मन तो स्वतःच्या खात्यावर लिहून ठेवते. ह्या जखमेला नैतिक जखम असे म्हणतात. ती क्ष-किरणात दिसत नाही. पण पुढे कित्येक महिने झोप उडते, यंत्राचा आवाज कानात वाजत राहतो, छाती विनाकारण धडधडते, जेवण नकोसे होते; आणि काहींच्या बाबतीत उलटेच घडते, म्हणजे कशाचेच काही वाटेनासे होते. ज्यांना ‘हिचे मन दगड झाले’ असे आपण म्हणतो, त्यांचे मन बहुधा थकून बधिर झालेले असते.

ह्यात आणखी एक दुःख मिसळते, आणि त्याविषयी आपल्या समाजाने तरी मौन धरू नये. करोनाच्या पहिल्या वर्षी ठिकठिकाणी परिचारिकांना भाड्याच्या खोल्या सोडावयास सांगण्यात आले, सोसायटीच्या दारात अडविण्यात आले, त्यांच्या सावलीपासूनही लोक दूर सरले. विषाणूपासून अंतर राखणे हे शास्त्र होते. परंतु माणसाला अपवित्र मानणे, त्याच्या घरच्यांशी बोलणे टाकणे, त्याच्या नावाने नाक मुरडणे हे शास्त्र नव्हते. तो जुना विटाळच होता. त्याने केवळ नवे नाव धारण केले होते. ज्या समाजाने ही वागणूक पिढ्यान्‌पिढ्या भोगली, त्याच्या मुलीस ती पुन्हा सेवेच्या मोबदल्यात मिळावी, आणि तीही तिने विद्येने मिळविलेल्या शुभ्र गणवेशात असताना मिळावी, ह्या यातनेची कल्पना इतरांना सहज येणार नाही, आपल्याला यावी. आणि म्हणूनच, आपल्या वस्तीतील एखाद्या घरानेही साथीच्या दिवसांत रुग्णालयातून परतलेल्या मुलीस दाराबाहेर ताट सरकवून दिले असेल व त्यापलीकडे चार प्रेमाचे शब्दही बोलले नसतील, तर त्या घराने आपल्या मनाची तपासणी करावी.

वसतिगृहांतील व वॉर्डांतील जातीच्या टोमण्यांचीही गणना ह्याच भारात केली पाहिजे. २२ मे २०१९ रोजी मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आदिवासी डॉक्टर पायल तडवी यांचा मृत्यू झाला आणि वरिष्ठांकडून जातीय छळ झाल्याच्या आरोपावरून खटला उभा राहिला. डॉक्टरकीच्या पायरीपर्यंत पोहोचलेल्या मुलीची ही कथा; मग त्याखालच्या पायरीवर, तक्रार केली तर अंतर्गत गुण कापले जातील ह्या धाकात राहणाऱ्या विद्यार्थिनीने तोंड उघडावे अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करावयाची? साथीच्या काळात तर ‘आता ही वेळ आहे काय?’ ह्या एका वाक्याने प्रत्येक तक्रार मिटविता येते. आमचे स्पष्ट मत असे की, हीच ती वेळ असते. ज्या मुलीस बाहेर मृत्यूशी व आत अपमानाशी असे दोन्हीकडे झगडावे लागते, तिच्याकडून मनोधैर्याची अपेक्षा करणे हा शुद्ध अन्याय होय.

येथे कोणी म्हणेल, सेवेचा मार्ग त्यागाचाच असतो. सावित्रीबाईंचे उदाहरण समोर नाही काय? आहे, आणि ते ह्या जिल्ह्यास विशेष जवळचे आहे, कारण अध्यापनाचे शिक्षण घेण्यास सावित्रीबाई फुले नगर येथे मिस फरार यांच्या संस्थेत आल्या होत्या. १८९७ सालच्या प्लेगात, पुण्याजवळ हडपसरच्या माळावर डॉक्टरपुत्र यशवंत यांच्या साहाय्याने उभारलेल्या दवाखान्यात त्यांनी रुग्णांची सेवा केली. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्या दवाखान्यापर्यंत चालत गेल्या. स्वतःस प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. ह्या स्मृतीपुढे आमचे मस्तक नम्र होते. परंतु तिचा उपयोग आजच्या मुलींना गप्प बसविण्यासाठी कोणी करू लागेल, तर त्यास आमचा विरोध राहील. सावित्रीबाईंच्या पाठीवर ते मूल होते, कारण त्यास नेण्यास वाहन नव्हते. त्यांना प्लेग झाला, कारण त्यापासून वाचण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. ते मरण आमच्या अभिमानाचा विषय आहे. ते कोणत्याही शासनाचे धोरण होऊ शकत नाही. मे २०१८ मध्ये केरळात निपाहच्या साथीत लिनी ही तरुण परिचारिका दोन लहान मुले मागे ठेवून गेली, तेव्हाही देश हळहळला. हळहळ संपल्यावर पुढच्या परिचारिकेसाठी काय बदलले, हाच प्रश्न विचारण्याजोगा असतो.

किंबहुना, मनोधैर्य ह्या शब्दाचाच नीट विचार करणे आवश्यक झाले आहे. आजकाल विद्यार्थिनींना खंबीर बना, सकारात्मक राहा, अशी व्याख्याने देण्याची रीत पडली आहे. व्याख्यान फुकट मिळते. झोप, चांगले जेवण, पुरेशी माणसे व मानाची वागणूक ह्यांना पैसा व इच्छाशक्ती लागते. म्हणून व्याख्यानाचीच सोय अधिक होते. परंतु रिकाम्या पोटी व जागरणाने तारवटलेल्या डोळ्यांत धैर्य भाषणाने उतरत नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराचा आठवडा ४८ तासांचा झाला. त्यांनी मजुरास खंबीर होण्याचा उपदेश करून प्रश्न मिटविला नाही. त्याच्या कामाचे तास मोजले आणि ते कायद्याने बांधले. माणसाचे बळ हे त्याच्या भोवतीच्या व्यवस्थेतून येते, हे त्यामागील सूत्र होते. तेच सूत्र येथे लावावयाचे आहे.

ह्यासाठी उदाहरण शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. ते ह्याच जिल्ह्यात जामखेडला आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि १९७९ साली त्या उभयतांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाण्याचे दुर्भिक्ष असताना कूपनलिका दलित वस्तीत खोदवून, सबंध गावास पाण्यासाठी तेथे येण्यास लावणारे हे कार्य. त्यांनी खेडोपाड्यांतील अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर अशा स्त्रियांना, ज्यांत दलित स्त्रिया पुष्कळ होत्या, आरोग्यसेविका म्हणून घडविले. त्यांतील एक गोष्ट आमच्या विषयास फार महत्त्वाची आहे. ह्या स्त्रिया ठरावीक दिवशी जामखेडच्या केंद्रात जमत. जातपात न मानता एकत्र जेवत, एकत्र झोपत, आणि रोग व औषधे ह्यांच्या शिक्षणाबरोबर गावात झालेली हेटाळणी, घरी नवऱ्याने दिलेला त्रास, हातून दगावलेले मूल, हे सारे एकमेकींस सांगत. त्यास कोणी समुपदेशन असे नाव दिले नव्हते. परंतु जी बाई आठवडाभर एकटी गावाच्या अज्ञानाशी झुंजे, ती ह्या बैठकीतून पुन्हा उभी राहून गावी परते. मनाचे बळ असे तयार होते: सारखेच ओझे वाहणाऱ्या माणसांत बसून, भय न बाळगता बोलता आल्याने, आणि आपल्यामागे कोणी तरी उभे आहे ह्या खात्रीने. अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांसाठी पन्नास वर्षांपूर्वी जे करता आले, ते पदवीच्या विद्यार्थिनींसाठी आज करता येत नाही, असे कोणत्या संस्थेने म्हणावे?

आपल्या धम्मातही ह्याचा एक जुना आधार आहे. विनयपिटकातील महावग्गात कथा येते ती अशी, की अतिसाराने पीडित असा एक भिक्षू आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्यास खाटेवर निजविले. मग संघास बोलावून त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा, की तुम्हांस येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर ती कोण घेणार? आईबापांस सोडून वसतिगृहात आलेल्या मुलींना ह्याहून अधिक लागू पडणारा उपदेश आम्हांस तरी माहीत नाही. शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगून ती कथा संपत नाही. संघातील प्रत्येकाने प्रत्येकाची जबाबदारी घ्यावी, हा नियम त्यातून निघाला. दया ही लहरीवर सोडली नाही, तिचा नियम केला, हे लक्षात घेतले पाहिजे.

आता नियमांचेच बोलू. सुदैवाने ह्या बाबतीत आपण रिकाम्या हाताने उभे नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला व २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याने प्रत्येक नागरिकास शासनाच्या मानसिक आरोग्य सेवेचा हक्क दिला, आणि जीवन संपविण्याचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तीव्र ताणाखालील माणूस म्हणून पाहावे असे ठरविले. रुग्णसेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० साली स्वतंत्र कायदा केला. आणि १८९७ च्या साथरोग कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन साथीच्या काळात आरोग्यसेवकांवर हिंसा करणाऱ्यास तीन महिने ते पाच वर्षे, गंभीर इजा केल्यास सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद झाली. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी देशातील शिक्षणसंस्थांस निर्देश दिले. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, साहाय्याचे दूरध्वनी क्रमांक वसतिगृहांत व वर्गांत ठळकपणे लावावेत, आणि वंचित समाजांतून आलेल्या विद्यार्थ्यांशी भेदभावरहित वर्तन करण्याचे शिक्षण अध्यापकांस द्यावे, असे त्यांत सांगितले आहे. हक्क कागदावर असणे ही अर्धी लढाई होय. उरलेली अर्धी लढाई मागणी करणाऱ्याने लढावयाची असते.

यास्तव जिल्ह्यातील पालकांनी, विद्यार्थिनींनी व आपल्या सामाजिक संघटनांनी प्रत्येक परिचर्या-संस्थेकडे पुढील मागण्या लेखी कराव्यात, असे आम्ही सुचवितो. साथीच्या वॉर्डात विद्यार्थिनीस एकटी पाठवू नये. तिच्या जोडीला अनुभवी परिचारिका असावी. पाळ्यांचे तास व मधली विश्रांती फलकावर लिहावी व पाळावी; सलग रात्रपाळ्यांस मर्यादा असावी. संरक्षक साधने अंगावर कशी चढवावीत व कशी उतरवावीत ह्याचा सराव साथ येण्यापूर्वीच व्हावा, कारण सराव नसलेल्या हातांना भीतीही अधिक वाटते. रुग्ण दगावल्यावर त्या पाळीतील मुलींनी दहा-पंधरा मिनिटे एकत्र बसून बोलावे, अशी प्रथा पाडावी. समुपदेशक असा असावा की ज्याच्या हाती विद्यार्थिनींचे गुण नसतील; ज्याच्यापुढे मन उघडावयाचे, तोच परीक्षक असला तर मन उघडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे: दुर्घटना घडल्यास चौकशी प्रथम तारा, यंत्रे, मनुष्यबळ व आदेश ह्यांची व्हावी, शेवटच्या पायरीवरील मुलीस प्रथम पुढे करण्याची पद्धत बंद व्हावी.

पैशाची चिंता हाही मनावरील मोठा भार असतो, हे विसरून चालणार नाही. फी भरली जाईल की नाही ह्या काळजीत असलेली मुलगी आजारपणाची रजाही मागत नाही. १९९० च्या दुरुस्तीने मूळ अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातींच्या सवलतींवरील अधिकार मान्य झाला आहे. शिष्यवृत्तीबरोबरच, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांस निवास व भोजनासाठी साहाय्य देणारी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांनी दाखले व जातपडताळणी ह्यांच्या कामात दिरंगाई करू नये. समाजकल्याण कार्यालयात जाऊन आपल्या मुलीस काय लागू होते ते विचारून घ्यावे. वस्तीतील ज्याला अर्ज भरता येतो त्याने दुसऱ्याचा अर्ज भरून द्यावा. एका मुलीची फीची चिंता मिटविणे हीदेखील मानसिक आरोग्याची सेवाच आहे.

संस्थांस इतके सांगितल्यावर आम्ही घराकडे वळतो, कारण घर चुकले तर कायदे पुरे पडत नाहीत. मुलगी सुट्टीत आली आणि ‘मला परत जावेसे वाटत नाही’ असे म्हणाली, तर आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली असतात. ‘एवढा खर्च केला, आता सहन कर’ हे पहिले, आणि ‘मग लग्न करून टाकू’ हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे तिचे तोंड बंद करणारी आहेत. तिने मागितलेले असते ते उत्तर नव्हेच. तिने ऐकणारा कान मागितलेला असतो. आईने जवळ बसावे, बापाने रागे भरू नये, आणि दोघांनी तिला शेवटपर्यंत बोलू द्यावे. पंधरा दिवसांहून अधिक काळ झोप नसणे, जेवण तुटणे, माणसांतून अंग काढून घेणे, वारंवार रडू येणे, अभ्यासात मन न लागणे, ‘मी नसते तर बरे झाले असते’ अशी भाषा निघणे, ही लक्षणे दिसल्यास दिवस काढू नयेत. शेवटचे लक्षण दिसल्यास तर मुलीस एकटे सोडू नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही शासकीय सेवा सुरू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही, विनामूल्य बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराविषयी विचारणा करण्यात कोणताही कमीपणा नाही. ताप आला म्हणून आपण लाजत नाही. मन आजारी पडले म्हणून का लाजावे?

आणि येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितलीच पाहिजे. मुलीची झोप उडाली, ती बडबडू लागली किंवा गप्प झाली, म्हणजे अजूनही काही घरांतून देवऋषी, भगत, अंगारे-धुपारे ह्यांची आठवण होते. बावीस प्रतिज्ञा उच्चारलेल्या घराच्या उंबऱ्याच्या आत ह्या गोष्टींना जागा नाही. २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही भूतबाधेच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी उपचारांस गुन्हा ठरविले आहे. शास्त्र शिकण्यास पाठविलेल्या मुलीवर घरी परतल्यावर अंधश्रद्धेचा प्रयोग व्हावा, ह्यासारखी विसंगती नाही. आपण जुने देव्हारे रिकामे केले ते कारणपरंपरेने विचार करण्यासाठी. मनाच्या दुखण्यालाही कारण असते व उपाय असतो, एवढा विश्वास धरला तरी पुष्कळ काम होईल.

शेवटी विद्यार्थिनींशी दोन शब्द. मुलींनो, भीती वाटणे हा तुमचा दोष नव्हे. साथीच्या वॉर्डात ज्याला भीती वाटत नाही, तो सावध राहत नाही. रडू आले म्हणून तुम्ही ह्या कामास अपात्र ठरत नाही. मैत्रीण गप्प झाली तर तिच्या खाटेवर जाऊन बसा. स्वतः गप्प होऊ लागलात तर कोणास तरी हाक मारा. आपले हक्क जाणून घ्या, पाळीची नोंद ठेवा, अपमान झाला तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि एकटीने नव्हे, संघटितपणे तक्रार करा. २०२० हे वर्ष परिचारिका व प्रसाविका यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगाने जाहीर केले होते, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मास त्या वर्षी दोनशे वर्षे झाली म्हणून. आणि नेमक्या त्याच वर्षी तुमच्या व्यवसायाची सर्वांत कठीण परीक्षा झाली. त्या परीक्षेत परिचारिका उत्तीर्ण झाल्या. त्यांना ज्यांनी सांभाळावयाचे होते, त्यांचा निकाल अद्याप लागावयाचा आहे.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल एवढे मात्र इतिहास सांगतो. त्या वेळी पुन्हा थाळ्या वाजतील, पुन्हा हार-तुरे निघतील. आपल्या वाचकांकडून आमची अपेक्षा त्याहून साधी व त्याहून कठीण आहे. ज्यांची मुलगी, बहीण, भाची आज कोठे तरी परिचर्येचे शिक्षण घेत आहे, त्यांनी हे पान मिटल्यावर तिला फोन करावा. परीक्षेत गुण किती पडले, हे पहिल्या वाक्यात विचारू नये. ‘बाळा, झोप लागते का?’ एवढेच विचारावे. आणि मग ती जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐकावे.